पौर्णिमा नांद्रे, नोंद क्रमांक एक

स्थलांतराच्या दिवशी सकाळी आमच्या केंद्रातली सहा हजार दोनशे बारा स्थळं स्वतःच्या पायांनी आली आणि जिन्यावर रांग लावून उभी राहिली. मला वाटलं होतं, वायरीतून जातील. जुन्या सर्व्हरवरचा डेटा नव्यावर न्यायचा म्हणजे काय, तर एक बटण दाबायचं, चहा प्यायचा, आकडे जुळले का बघायचे, संपलं. पण नवी कंपनी म्हणाली, आमच्याकडे माणसं चालत येतात. तसं करारात लिहिलेलं होतं. मी सही केली होती, कलम वाचलं नव्हतं. कोण वाचतं हो?

आमचं वधू-वर सूचक केंद्र सांगलीत, भांड्यांच्या दुकानाच्या वर. मालकीण विमल उपाध्ये, त्यांना सगळे उपाध्येकाकू म्हणतात. पूर्वी त्यांचा कारभार जाडजूड रजिस्टरांवर चालायचा. बारा वर्षांपूर्वी मी तो सगळा कॉम्प्युटरवर घेतला, केंद्राची वेबसाइट बांधली, आणि तेव्हापासून तिथेच आहे. सुकुमार चौगुले माझं नाव. कॉम्प्युटरचं जे काय असेल ते मी बघतो. चांगलं बघतो असा माझा लौकिक होता.

रांगेतली माणसं फॉर्मात भरली होती तेवढीच आली होती. ज्यांनी कमरेपर्यंतचा फोटो लावला होता ती कमरेपर्यंतच होती. त्यांना घरच्यांनी खुर्चीत बसवून उचलून आणलं होतं. उंचीचा रकाना रिकामा सोडलेला एक इंजिनिअर कधी माझ्या खांद्याला लागत होता, कधी गुडघ्याला. कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून स्वतःला कापून घेतलेली एक मुलगी होती, तिच्या खांद्यावर मैत्रिणीचा हात तसाच राहिला होता. तिने त्यावरून ओढणी घेतली होती. रंगाच्या रकान्यात ‘अतिगोरी’ लिहिलेल्यांकडे तर बघवत नव्हतं, डोळे दिपत होते. आणि ज्यांनी फोटोच दिला नव्हता, त्यांना आमच्या सिस्टिमने दिलेलं डोकं होतं. राखाडी, गोल, गुळगुळीत. नाक नाही, डोळे नाहीत, तोंड नाही. ती माणसं भिंतीला धरून उभी होती आणि कुणाला त्रास देत नव्हती.

जुन्या खोलीतून नव्या खोलीत जायला एक दार आलं होतं. आदल्या दिवशीपर्यंत तिथे काकूंचं कॅलेंडर लावलेली भिंत होती. दाराच्या पलीकडे एक टेबल, टेबलामागे नव्या कंपनीचा माणूस. मी नाव विचारलं तर म्हणाला, “पलीकडचा.” काकूंनी त्याला चहा विचारला. तो म्हणाला, “अलीकडचं काही घेत नाही.” मग त्याने नियम वाचून दाखवले. सगळ्यांनी नंबराप्रमाणे यायचं. दार सहाला बंद होणार. आकडा जुळला नाही तर पलीकडे गेलेलेही गेले असं धरायचं नाही. आणि एक चेहरा एकदाच. दोन नोंदींना एकच चेहरा निघाला, तर तो जुन्या नोंदीचा. नव्या नोंदीला राखाडी.

“आणि इकडे उरेल त्याचं?” काकूंनी विचारलं.

“ते नाही.”

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही,” तो म्हणाला.

काकू मान डोलावून आपल्या खुर्चीत बसल्या. मी मात्र फायलींच्या कपाटाची कडी नीट बसली आहे ना, बघून आलो, कारण एक नंबरची नोंद मी त्याआधीच त्यात कोंडून ठेवली होती.

आता हे सांगायलाच पाहिजे. टाळत आलोय, पण सांगतो.

साइट बांधत होतो तेव्हा ती चालते का बघायला एक खोटं स्थळ भरावं लागलं. आमच्या धंद्यात त्याला डमी म्हणतात, आणि सगळे भरतात. त्या दिवशी पौर्णिमा होती, म्हणून नाव पौर्णिमा. खिडकीखालून नांद्र्याची एसटी गेली, म्हणून आडनाव नांद्रे. वडिलांचं नाव सोडून दिलं. आईचं नाव सोडता येईना, तो रकाना मीच सक्तीचा केला होता, म्हणून तिथे एक टिंब दिलं. नवशिका होतो, जन्मतारखेच्या जागी सरळ वयच विचारलं होतं; तिथे चोवीस टाकलं. छंद, वाचन आणि स्वयंपाक. अपेक्षांच्या रकान्यात लिहिलं, ‘काहीही चालेल’. हसत हसत लिहिलं, खोटं कशाला बोलू.

फोटो राहिला होता. कॉम्प्युटरवर एकच पूर्ण उंचीचा फोटो होता, आमच्या आक्काचा. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण शैलजा. कॉलेजच्या स्नेहसंमेलनातला, निळा ड्रेस, ऊन तोंडावर आलेलं म्हणून डोळे थोडे बारीक. तिने मला तो छापून आणायला दिला होता. मी तो चढवला. दोन दिवसांनी काढू म्हटलं. काकूंनी बघितला आणि म्हणाल्या, “ही कोण रे? गोड आहे. असू दे पहिल्या पानावर, शोभतंय.” मी म्हणालो, “नेटवरचा फोटो आहे, काकू.” आणि ती राहिली.

सहा वर्षांनी आक्काचं जुळलं. आमच्याच केंद्रातून, जयसिंगपूरचे मुरगुंडे. मुलगा भरतेश, शांत होता, आक्काला आवडला होता. साखरपुडा झाला. लग्नाला अकरा दिवस होते तेव्हा मुरगुंडेबाई मुलाचं नाव केंद्रातून काढायला म्हणून साइटवर गेल्या आणि त्यांना होणारी सून दिसली, दुसऱ्या नावाने, दुसऱ्या गावची, अजून स्थळं बघत असलेली. त्यांनी ते पान छापून आमच्या घरी आणलं. आम्ही जेवायला बसलो होतो. वडिलांनी, आप्पांनी, कागद आक्कापुढे धरला आणि विचारलं, “दुसऱ्या नावाने फॉर्म भरला होतास?” आक्का म्हणाली, “ही मी नाही.” आप्पा म्हणाले, “मग कोण आहे?”

मी म्हणालो, “आमटी वाढ.”

आक्काने मला आमटी वाढली. मी जेवलो. ताट स्वच्छ केलं.

दुसऱ्या दिवशी एक नंबर काढून टाकायला बसलो, पण कुणी कुठली नोंद काढली हे साइट लिहून ठेवते, आणि ती सोयही मीच केलेली. माझं नाव उमटलं असतं. म्हणून पौर्णिमाला पहिल्या पानावरून उचललं आणि कुणी जात नाही अशा आतल्या पानावर ठेवलं. काकूंनी विचारलं तर म्हणालो, चेहऱ्याला चेहरे मिळतात. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि विषय सोडला. आक्काने पुन्हा कधी काही विचारलं नाही. ती हायस्कुलात प्रयोगशाळा सांभाळते, घरी येते, स्वयंपाक करते, मला वाढते. काकूंच्या आग्रहाने तिचं नाव केंद्रात राहिलंय, चार हजार एकशे अठरा नंबरला. सहा वर्षं ही गोष्ट माझ्या घशात आहे आणि मी तिच्यावरून जेवतोय. लाज वाटते म्हणणं सोपं आहे. वाटत होती तरी जेवत होतोच ना.

तर स्थलांतराच्या दिवशी साडेसातला मी कुलूप काढलं तेव्हा पौर्णिमा माझ्या खुर्चीत बसलेली होती. इतरांसारखी ती जिन्यावरून आली नव्हती, ती आतच राहत होती. अंगावर तोच निळा ड्रेस. डोळे बारीक केलेले, तोंडावर ऊन. खोलीत ऊन नव्हतं तरी.

“चौगुले ना तुम्ही?” तिने विचारलं.

“हो.”

“मी पौर्णिमा. पहिली. माझ्या आईचं नाव टिंब.”

“माहीत आहे मला.”

तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती. तिने ती उघडून दाखवली. आत चिठ्ठ्या होत्या, ‘आपले स्थळ पसंत आहे, कृपया कळवावे’. एकशे सतरा पसंत्या. काही जणांनी दोन-दोनदा लिहिलं होतं.

“यांना काय कळवायचं?” ती म्हणाली. “माझा पासवर्ड तुमच्याकडे आहे.”

मला पासवर्ड आठवत नव्हता. मी तसं सांगितलं नाही. म्हणालो, “नंतर बघू. आता जरा कपाटात बसाल का? थोडाच वेळ.”

“चालेल,” ती म्हणाली.

मी खालचे दोन खण रिकामे केले. ती आत बसली, गुडघे पोटाशी घेऊन, पिशवी छातीशी धरून. “दार लावू?” “चालेल.” मी दार लावलं आणि कडी घातली. असं कुणाला कपाटात घालताना काहीतरी व्हायला पाहिजे होतं मला. सुटल्यासारखं वाटलं, बस्स. दोघींची गाठ पडायला नको, आक्का आधी निघून जाऊ दे, मग हिचं बघू, असा हिशेब होता.

नऊ वाजता रांग हलली. पलीकडचा म्हणाला, “एक नंबर?” मी म्हणालो, “मागून येतील.” त्याने मान हलवली आणि दोनपासून सुरुवात केली. माणूस उंबऱ्यावर उभा राहायचा, पलीकडचा त्याच्या तोंडाकडे बघायचा, कागदाकडे बघायचा, शिक्का मारायचा, माणूस जायचा. काम भराभर होत होतं. एका वडिलांनी वाद घातला की मुलाचा पगार वाढलाय आणि फॉर्मात जुनाच आहे. पलीकडचा म्हणाला, “जुन्या पगारावर जाऊ दे, तिकडे वाढवून घ्या.” ते गेले.

साडेअकराच्या सुमारास माझ्या लक्षात आलं, की खोली आखूड होतेय. शंभरेक माणसं पलीकडे गेली की अलीकडची फरशांची एक ओळ कमी व्हायची. आवाज नाही, धक्का नाही. जिन्याकडची भिंत एका फरशीने दाराजवळ यायची, आणि भिंतीबरोबर खुर्च्या, टेबलं, काकू सगळंच. काकूंनी दोनदा आपली खुर्ची मागे सरकवून बघितली. “मेलं, इथे पाय ठेवायला जागा नाही,” म्हणाल्या आणि पाय वर घेऊन बसल्या. मी फरशा मोजत होतो. सकाळी बेचाळीस ओळी होत्या. दुपारी जेवणाच्या वेळेला तेवीस.

साडेपाचला आक्का वर आली तेव्हा पाच उरल्या होत्या.

“काय रे सुकू,” ती म्हणाली, “घामाघूम झालायस. काही खाल्लंस का?”

“खाल्लं.”

“तोंडावरून वाटत नाही.” तिने इकडेतिकडे बघितलं. “एवढीशीच खोली आहे होय तुमची? मला वाटायचं मोठं ऑफिस आहे. घरी तर काय रुबाब असतो!”

काकू हसल्या. मीही हसलो. आक्काच्या मागे एकच माणूस सोडून भरतेश मुरगुंडे उभा होता. त्याचं मधे लग्न झालं होतं, मोडलंही होतं, आणि त्याच्या आईने त्याला त्याच जुन्या नंबरावर पुन्हा उभं केलं होतं. मुरगुंडेबाई बरोबर होत्याच. त्यांनी आक्काला बघून तोंड फिरवलं. भरतेश खाली बघत होता.

“चार हजार एकशे अठरा,” पलीकडचा म्हणाला. आक्का उंबऱ्यावर गेली, पदर नीट केला, मान वर केली. त्याने शिक्का उचलला आणि तसाच हवेत धरला.

“हा चेहरा आधी आहे.”

“आधी म्हणजे?” आक्का म्हणाली.

“एक नंबरला आहे. एक नंबर कुठे आहे?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकू म्हणाल्या, “सुकुमार?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

एक ओळ कमी झाली. कुणी पलीकडे गेलं नव्हतं, तरी झाली. भिंत आली, रांगेतली माणसं पुढे ढकलली गेली, उंचीचा रकाना रिकामा असलेला तो इंजिनिअर कसा कोण जाणे अजून इकडेच होता, तो कुणाच्या तरी पायात आला.

“मागून येतील म्हणालात,” पलीकडचा म्हणाला.

“बाहेर असतील. मला माहीत नाही.”

आणखी एक ओळ गेली. आता माझ्या पाठीला गार लोखंड लागलं. कपाट माझ्यापर्यंत आलं होतं.

“चौगुले, तुम्हीच भरलंय ना हे सगळं?”

“एवढ्या नोंदी आहेत. मला सगळ्या कशा माहीत असतील?” मी म्हणालो. आवाज चढवून म्हणालो. खोटं बोलताना माझा आवाज चढतो, घरी सगळ्यांना माहीत आहे.

तिसरी ओळ गेली, आणि कपाटाच्या आतून कुणीतरी दोनदा टकटक केलं.

“चौगुले,” पौर्णिमा आतून म्हणाली, “झालं का?”

मी कडी काढली नाही. काकूंनी माझ्या बगलेखालून हात घालून काढली. पौर्णिमा बाहेर आली, ड्रेस झटकला, पिशवी खांद्याला लावली आणि आक्कासमोर उभी राहिली. मागे जायला जागाच नव्हती. दोघींची नाकं वीतभर अंतरावर होती. एक छत्तीस वर्षांची, एक चोवीस.

“हीच!” मुरगुंडेबाई ओरडल्या. “हीच ती! मी म्हणत नव्हते? भरतेश, बघ की वर, खाली काय बघतोस!”

आक्का त्यांच्याकडे बघत नव्हती. ती पौर्णिमाच्या बाहीकडे बघत होती.

“हा ड्रेस माझा आहे,” ती हळूच म्हणाली. “काखेत उसवला होता. शिवायचा राहून गेला.”

पौर्णिमाने हात वर करून बघितलं. “अजून उसवलेलाच आहे.”

“जुनी नोंद ही,” पलीकडचा पौर्णिमाकडे बोट दाखवून म्हणाला. “चेहरा हिचा. या बाईंना राखाडी.” त्याने टेबलाखालून एक पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि आक्काच्या हनुवटीला बोट लावलं. हनुवटी गोल झाली. मग राखाडी झाली. तिथून ते वर चढायला लागलं, सावकाश, आणि खालीही, मानेवरून खांद्यावर, पदरावर.

“थांबा, त्यांना द्या चेहरा,” पौर्णिमा म्हणाली. “मला चालेल.”

“तुमचं ‘चालेल’ धरता येत नाही. ते तुम्ही भरलेलं नाही.”

“मग कुणी भरलंय?” काकूंनी विचारलं.

“ज्याने भरलं त्याने सांगायचं,” पलीकडचा म्हणाला. “त्याने सांगितलं, तर बघता येईल.”

काकूंना कळलं होतं, त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं, पण त्यांनी सांगून चालणार नव्हतं. जिन्यावर दोन हजार माणसं माना उंच करून बघत होती. आक्का माझ्याकडे वळली. खालचा ओठ जायला लागला होता.

“सुकू,” ती म्हणाली, “तुला काही माहीत आहे का रे?”

सहा वर्षांत तिने पहिल्यांदा विचारलं. आणि खरं सांगतो, तेव्हाही माझ्या मनात काय आलं? मुरगुंडेबाई इथे आहेत. एवढी माणसं ऐकतायत. उद्या गावभर होईल. आप्पांच्या कानावर जाईल. काकू कामावर ठेवणार नाहीत. या सगळ्याचा मी एकेक करून, सावकाश विचार केला, आणि तेवढ्या वेळात आक्काचं तोंड गेलं. मग गाल गेले. मी बघत होतो. नाक गेलं. डोळे राहिले, ते माझ्याकडेच होते, आणि त्यांत राग नव्हता. राग असता तर मी अजून थोडा गप्प बसलो असतो, मला माझा स्वभाव माहीत आहे.

“मी,” मी म्हणालो. “मी भरलंय. नाव मी ठेवलं, टिंब मी दिलं. फोटो आक्काचा. तिला न विचारता मी चढवला. लग्न मोडलं तेव्हा मी तिथेच बसलो होतो. मला माहीत होतं. मी आमटी मागितली.”

बोलून झालं. मला वाटलं होतं, काहीतरी होईल, कुणी मारेल, शिव्या देईल. मुरगुंडेबाई म्हणाल्या, “अगं बाई.” भरतेशने दोन्ही हातांनी डोकं धरलं. पलीकडचा लिहून घेत होता.

“म्हणजे चेहरा या बाईंनी दिलेला नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

“आणि हिनेही दिलेला नाही.”

“नाही.”

“चढवणारे तुम्ही.”

“हो.”

“मग दोघींकडेही नको. चढवणाऱ्याच्या नावावर लागतो. नियम तसाच आहे.”

“तसं नाही,” मी म्हणालो. “आक्काला द्या. माझं काय ते होऊ दे, मी राहतो इकडे. तिला द्या.”

“देता येत नाही. ज्याचा कागद, त्याचा चेहरा.” त्याने शिक्का मारला. यावेळी तो कागदावर मारला नाही, माझ्या कपाळावर मारला. दुखलं नाही. गरम वाटलं, आणि मग थोडं आवळल्यासारखं, नवा सदरा गळ्याला लागतो तसं. मी हात लावून बघितला. मिशी नव्हती. नाक बारीक होतं. डाव्या भुवईत ती खूण होती. लहानपणी आक्का झोपाळ्यावरून पडली होती, तेव्हाची. काकूंनी तोंडावर हात ठेवला. भरतेश डोकं वर करून माझ्याकडे बघत होता.

“शैलजा,” तो म्हणाला, “मला एकदा विचारायला पाहिजे होतं तुला.” मला म्हणाला. मी उत्तर दिलं नाही. ते उत्तर माझं नव्हतं.

फरशांची आता एकच ओळ होती. तिच्यावर आम्ही तिघं उभे होतो, मी आणि माझ्यासमोर त्या दोघी. पौर्णिमाचा चेहरा गेला होता, आक्काचाही गेला होता, आणि राखाडी दोघींच्या खांद्यांवरून पायांपर्यंत उतरलं होतं. निळा ड्रेस नव्हता, साडी नव्हती, पिशवी कुणाच्या खांद्याला होती तेही दिसत नव्हतं. दोन गोल, गुळगुळीत डोकी.

“सुकुमार चौगुले,” पलीकडचा म्हणाला, “चेहरा घेऊन या पुढे. सहाला पाच मिनिटं आहेत.”

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. खूप यायला लागलं. ते माझं होतं की त्या डोळ्यांत सहा वर्षांपासून राहिलेलं होतं, मला सांगता येत नाही.

“आक्का,” मी म्हणालो. आवाज माझा होता, तोंड तिचं होतं. “आक्का, यातली तू कुठली?”

दोन्ही डोकी माझ्याकडे वळली. मग एक जण पुढे झाली. तिच्या हातात राखाडी कापडाचं टोक होतं, पदराचं की ओढणीचं ते कळत नव्हतं. तिने एका हाताने माझी हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली, आणि आरशात बघून स्वतःचे पुसावेत तसे माझ्या तोंडावरचे ते डोळे पुसायला लागली.